फुल ओव्हरले, हाफ ओव्हरले की इनसेट? आधी बघा, दाराच्या मागे उभं काय आहे

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधला जुना फ्लॅट. दोन फुटी ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याच्या उभ्या लाद्या घालून केलेले खण, सध्या त्यांना पडदे आणि दोन सनमायकाची दारं. मॉड्युलर किचनवाले म्हणतात, ओटा फोडा, सगळं फुल ओव्हरले करून देतो. ओळखीचा सुतार म्हणतो, ओट्याला हात लावू नका, चौकट मारून शटर, म्हणजे दारं, आतून बसवतो. न्यू जर्सीची बहीण फोनवर सांगते, पार्शल ओव्हरले घे, स्वस्त पडतं आणि टिकतं. ताईंचा प्रश्न आहे, तिघांपैकी कुणाचं ऐकू आणि ऑर्डरवर नक्की काय लिहून घेऊ?

ताई, तिघांपैकी चुकीचं कुणीच बोलत नाही. फक्त तिघांच्या डोळ्यांपुढे तीन वेगळी कपाटं आहेत. मॉड्युलरवाल्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या कारखान्यात कापलेला खोका आहे, सुताराच्या डोळ्यांपुढे तुमचा कडप्पा आहे आणि बहिणीच्या डोळ्यांपुढे तिच्या घरातलं लाकडी चौकटीचं अमेरिकन कॅबिनेट. ओव्हरले हा शब्द तिघांच्याही तोंडात आहे, पण त्यामागची वस्तू बदलली की मापं बदलतात.

ओव्हरले म्हणजे बंद केलेलं दार बाजूच्या उभ्या फळीवर किती मिलिमीटर चढतं ते माप. एवढंच. फळी पूर्ण झाकली गेली तर फुल, अर्धी झाकली तर हाफ, आणि दार फळ्यांच्या मधे आत बसून फळीची कड उघडी दिसत असेल तर इनसेट. शोरूममध्ये हे तीन ‘लुक’ म्हणून दाखवतात आणि गिऱ्हाईक रंग निवडावा तसं निवडतं. माझं म्हणणं उलटं आहे. दारापासून सुरुवात करूच नका. दाराच्या मागे जे उभं आहे ते किती जाड आहे, त्यात स्क्रू धरतो का, आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरं दार आहे, भिंत आहे की काहीच नाही, हे बघा. ओव्हरले मग बहुतेक वेळा आपोआप ठरतो. निवड म्हणून जे उरतं ते फार थोडं असतं.

आधी कारखान्यातला खोका घेऊ, म्हणजे आकडे समजतील. ६०० मिलिमीटर रुंदीचं युनिट, बाजूच्या फळ्या १८ मिलिमीटरच्या. आत मोकळी जागा राहिली ५६४. दार कापतात ५९७ चं. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर सोडलेलं, आणि प्रत्येक फळीवर दार साडेसोळा मिलिमीटर चढलेलं. शेजारच्या युनिटचं दारही तसंच दीड सोडून कापलेलं, म्हणून दोन दारांच्या मधे ३ मिलिमीटरची फट. हाच फुल ओव्हरले. ९०० च्या दोन दारी युनिटमध्ये प्रत्येक दार ४४७ चं येतं. हिशोब स्वतः करून बघा: ९०० मधून कडेचे ३ आणि मधले ३ गेले, उरलेल्याचे दोन भाग. एवढा हिशोब जमला की कोटेशनमधली दारांची मापं तुम्ही घरी बसून तपासू शकता.

आता याच फुल ओव्हरले किचनमध्ये हाफ ओव्हरले कुठून येतो ते बघा, कारण गोंधळ इथेच होतो. समजा एका सलग खोक्याला तीन दारं आहेत, एकूण रुंदी १३५०. डावीकडे दोन दारांचा कप्पा, उजवीकडे एका दाराचा, मधे १८ मिलिमीटरची एकच फळी. पहिलं दार डाव्या बाहेरच्या फळीवर टांगलं, तिसरं उजव्या बाहेरच्या फळीवर. मधलं दार कशावर टांगणार? मधल्या फळीवर. पण त्याच फळीवर तिसऱ्या दाराची कडही येऊन टेकते. १८ मधून ३ ची फट वजा केली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिलिमीटर येतात. म्हणून त्या मधल्या दाराला हाफ ओव्हरलेचीच बिजागरी लागते. कोटेशनवर ‘सर्व दारे फुल ओव्हरले’ असं सरसकट लिहिलेलं असेल आणि ड्रॉइंगमध्ये अशी सामाईक फळी दिसत असेल, तर लिहिणाऱ्यानं ड्रॉइंग बघितलेलं नाही असं खुशाल समजा.

बिजागरी ओळखायला सोपी असते. तिला आमच्याकडे सगळे ऑटो हिंज म्हणतात. दाराच्या मागे ३५ मिलिमीटरचं गोल भोक पाडून जो कप बसवतात तो तिन्ही प्रकारांत सारखाच. फरक असतो तो कपातून निघून खोक्याच्या फळीकडे जाणाऱ्या हाताला. हात सरळ असेल तर फुल ओव्हरले, थोडा वाकडा असेल तर हाफ, आणि चांगलाच बाक असेल तर इनसेट. दुकानात झिरो क्रँक, आठ क्रँक, सोळा क्रँक अशा नावानं मागतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एखाद-दोन मिलिमीटरनं इकडेतिकडे असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भांडू नका, हात बघा. माल घरी आला की पिशव्या उघडून तिन्ही प्रकार वेगळे मोजून घ्या. सगळे झिरो क्रँक आले असतील तर मधल्या फळीवर मिस्त्री काहीतरी ‘जुगाड’ करणार, हे ठरलेलं.

जुगाड म्हणजे काय, तर ‘स्क्रू फिरवून बसवून देतो’. त्या बिजागरीवर तीन समायोजनं असतात: दार बाजूला सरकवायचं, आत-बाहेर घ्यायचं आणि वर-खाली करायचं. बाजूला साधारण दोन मिलिमीटरपर्यंत खेळ मिळतो. तो फट सारखी करायला दिलेला आहे. साडेसोळाचा साडेसात करायला नाही. ओव्हरले खरोखर बदलायचा असेल तर दोन जागा आहेत. एक, दारातला कप कडेपासून किती आत पाडला. सहसा कपाची कड आणि दाराची कड यांत ३ ते ६ मिलिमीटर ठेवतात. हे अंतर एक मिलिमीटर वाढवलं की दार फळीवर एक मिलिमीटर जास्त चढतं. दुसरी जागा, फळीवर लागणारी प्लेट. ती जितकी जाड घ्याल तितकं दार कमी चढतं. चांगला कारागीर या दोन्हींचा मेळ घालतो, पण कप पाडण्याआधी. एकदा ३५ चं भोक पडलं की ते परत भरता येत नाही.

सुतारकामात आणखी एक गोष्ट हळूच घुसते: सनमायकाची जाडी. कारखान्याचा प्रीलॅमिनेटेड, म्हणजे वरचा थर आधीच चढवलेला, बोर्ड १८ म्हणजे १८ असतो. साइटवर १८ च्या प्लायला आतून-बाहेरून सनमायका चिकटवला की फळी साडेएकोणीस-वीस होते आणि दारही वीसच्या आसपास जातं. मग ५६४ ची आतली जागा ५६० वर येते आणि पूर्वीच्या हिशोबानं कापलेलं दार फळीची कड थोडी उघडी ठेवतं. मोठा दोष नाही, पण पांढऱ्या दाराच्या कडेनं तपकिरी रेघ दिसू लागली की रोज डोळ्यात खुपते. म्हणून मापं ‘फिनिश’ लिहून घ्या, म्हणजे सनमायका धरून.

आता तुमच्या कडप्प्याकडे येतो.

महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या घरांत ओटा असाच असतो. अशा ओट्याखाली फुल ओव्हरले करता येईल का, याचं उत्तर ओट्याच्या नाकात, म्हणजे ग्रॅनाइटच्या पुढे आलेल्या कडेत आहे. पट्टी घ्या. ग्रॅनाइटची पुढची कड आणि खालच्या उभ्या कडप्प्याची पुढची कड यांत किती अंतर आहे ते प्रत्येक लादीपाशी मोजा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. गवंड्यानं लाद्या एका रेषेत लावलेल्या असतात ही समजूत सोडून द्या, एकाच ओट्याखाली दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो. सर्वांत कमी जे अंतर येईल ते खरं माप.

का, ते सांगतो. ओव्हरले दार कपाटाच्या पुढे बसतं, म्हणजे आपली सगळी जाडी, २० मिलिमीटर, बाहेर काढतं. ओट्याचं नाक जर कडप्प्यापेक्षा फक्त २० मिलिमीटर पुढे असेल, तर दार ग्रॅनाइटच्या कडेला बरोबर येऊन भिडेल. ओट्यावरून ओघळलेलं पाणी मग थेट दाराच्या वरच्या कडेवर. तिथलं एजबँडिंग, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, दोन पावसाळेही काढत नाही, सिंकसमोर तर नाहीच. मॉड्युलरमध्ये हे आधीच धरलेलं असतं: खोका ५६० खोल, दार २०, वर ओटा ६००, म्हणजे नाक दाराच्याही २० मिलिमीटर पुढे राहतंच. तुमच्याकडे ओटा आधी झाला आणि दारं नंतर येताहेत, म्हणून उलटं मोजावं लागतं. नाक ३५ किंवा त्याहून पुढे असेल तर ओव्हरले निर्धास्त करा. २५ ते ३५ मध्ये असेल तर जमतं, पण ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूला कडेजवळ पाणी तोडणारी खाच मारून घ्या. दगडवाला ग्राइंडरनं तासाभरात मारतो, धूळ मात्र घरभर होते. २० किंवा कमी असेल तर सुतार बरोबर आहे. इनसेटच करा.

पण सुताराच्या सांगण्यातल्या ‘चौकट मारून’ या भागाशी मी अर्धाच सहमत आहे. कडप्प्यात बिजागरीचा स्क्रू धरत नाही, आणि लादीच्या कडेजवळ ड्रिल लावलं की टवका उडतो. त्यामुळे लाकडाचं काहीतरी आत घालावंच लागतं, इथवर ठीक. चौकट म्हणजे खणाच्या तोंडाशी चारी बाजूंनी ३० ते ५० मिलिमीटरची पट्टी. ती खणाचं तोंड लहान करते. नुसती दारं लावून आत डबे ठेवायचे असतील तर हे चालून जातं. ट्रॉल्या हव्या असतील तर हिशोब बिघडतो, आणि कसा ते आकड्यांत बघा.

स्टीलच्या तारेच्या ट्रॉल्या बाजारात १५, १७, १९, २१ इंच अशा ठराविक रुंदीत मिळतात. ट्रॉली ज्यावर सरकते तो टेलिस्कोपिक चॅनल प्रत्येक बाजूला अर्धा इंच घेतो. म्हणजे १५ इंची ट्रॉलीला ३८१ अधिक २५, साधारण ४०६ ते ४०७ मिलिमीटर मोकळी रुंदी हवी. तुमचा खण दोन लाद्यांच्या मधे ४५० आहे असं धरू. दोन्ही बाजूंना ३० ची चौकट मारली की उरले ३९०. पंधरा इंची ट्रॉली गेली, आता मापानं बनवून घ्या किंवा छोटी शोधा. त्याऐवजी खणात १८ मिलिमीटर प्लायचा पातळ खोका सरकवला, बाजूंना तीन-तीन मिलिमीटरची सैल जागा ठेवून, तर बाहेरून ४४४ आणि आतून ४०८. ट्रॉली बसली. जेमतेम बसली हे खरं, आणि आतल्या सनमायकाची जाडी १८ मध्ये धरली नसेल तर तीही अडकेल. म्हणून अशा खणांसाठी मी प्रीलॅमिनेटेड प्लायच घ्यायला लावतो. शिवाय चॅनलला सरळ, ओळंब्यात असलेली सपाट बाजू लागते. चौकट नुसती तोंडाशी असते, तिच्या मागे चॅनलसाठी पुन्हा लाकडी ठोकळे मारून बाजू भरून आणावी लागते. खोका घातला की ती कटकट जाते.

म्हणजे तुमच्यासाठी माझा सल्ला असा. ट्रॉल्यांच्या खणांत प्लायचे खोके, बाकी खणांत चौकट चालेल. ओटा फोडायची गरज मला दिसत नाही. त्याची उंची तुम्हाला सोसत असेल आणि ग्रॅनाइटला तडा नसेल, तर फोडण्याचा खर्च, मलबा, पाण्याचे नळ हलवणं, हे सगळं फक्त फुल ओव्हरलेसाठी करणं महाग सौदा आहे. मॉड्युलरवाल्याला फोडायचा आहे कारण त्याचे खोके ठराविक मापाचे येतात. त्यात त्याची सोय आहे, लबाडी नाही.

खोके घालून वर फुल ओव्हरले दारं लावली तर एक गोष्ट दिसणारच: दोन दारांच्या मधे कडप्प्याची काळी कड. लादी २० ते २५ ची, आणि दारं आपापल्या खोक्याच्या फळीपुरतीच चढलेली, त्यामुळे तीन मिलिमीटरची बारीक फट नाही, चांगली बोटभर रुंद काळी पट्टी दिसेल. गडद रंगाची दारं घेतली तर ती लपते, पांढऱ्या दारांत उठून दिसते. काही जण ती झाकायला दार आणखी रुंद कापून लादीवर चढवतात. कप आत नेऊन आणि पातळ प्लेट घेऊन दोन-तीन मिलिमीटर मिळतील, त्याहून जास्तीचा हट्ट धरू नका. तसं दार उघडताना शेजारच्या दाराच्या कडेला घासतं.

इनसेटबद्दल आता मनापासून लिहितो, कारण मला तो आवडतो आणि म्हणूनच सावध करतो. दार चौकटीच्या आत पूर्ण बसलेलं, समोरून सगळं एका पातळीत, कडेनं सारखी बारीक रेघ: असं काम बघायला देखणं असतं. पण ओव्हरले दार खोक्याची वाकडी कड झाकून टाकतं, इनसेट दार तीच वाकडी कड चारचौघांत मांडतं. चौकटीचा कोन काटकोनात नसेल तर वर दोन मिलिमीटर आणि खाली चार अशी फट दिसते, आणि ती समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा दिसते. म्हणून इनसेटमध्ये शटर आधी कापून आणायचं नसतं. आधी चौकट लावायची, मग दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे. मग प्रत्येक खणाचं वर, मधे, खाली असं माप घेऊन त्या खणाचं शटर कापायचं, मागे पेन्सिलनं खणाचा नंबर लिहून. ५६४ च्या तोंडाला दोन्ही बाजूंना दोन-दोन सोडून ५६० चं दार. फट सारखी ठेवायला कारागीर सनमायकाचे उरलेले तुकडे वापरतात. एक मिलिमीटरचे दोन तुकडे एकावर एक ठेवून खाली आणि बाजूला खोचायचे, त्यावर दार टेकवायचं, मगच प्लेटचे स्क्रू आवळायचे. तुमचा सुतार हे न सांगता करत असेल तर त्याच्या हाती इनसेट द्यायला हरकत नाही. नुसतं डोळ्यानं लावत असेल तर देऊ नका.

इनसेटच्या दोन अडचणी कोटेशनमध्ये कुणी सांगत नाही. पहिली, खोली कमी होते. दार आत गेलं की वीस मिलिमीटर आणि थोडी सैल जागा आतून जाते, म्हणून ट्रॉली तेवढी मागे सरकवून लावावी लागते. ओट्याच्या मागून नळाचा पाइप जात असेल तर वीस इंच खोल ट्रॉली मागे टेकते. दुसरी, दार नव्वद अंशांत उघडलं तरी त्याची जाडी खणाच्या तोंडात थोडी अडून राहते. दारामागे ट्रॉली असेल तर ती दाराला घासते. फुल ओव्हरलेमध्येही साध्या बिजागरीला हा त्रास थोडा असतोच, इनसेटमध्ये जास्त. उपाय दोन: ट्रॉलीलाच समोरचं शटर लावून दार काढून टाका, जे मी बहुतेकदा करतो, किंवा चॅनल फळीपासून ठोकळा देऊन आत घ्या आणि ट्रॉली एक माप लहान करा. फुल ओव्हरलेला १५५ अंश किंवा त्याहून जास्त उघडणाऱ्या खास बिजागऱ्या मिळतात, त्यांत दार तोंडातून पूर्ण बाजूला होतं. त्या महाग असतात, त्यामुळे फक्त तेवढ्याच खणापुरत्या मागवा.

लाकूड फुगण्याचा प्रश्न नाशिकच्या हवेत फारसा नाही, प्लायच्या दारात तर नाहीच म्हणा. पण कुणी कोकणातून हे वाचत असेल आणि अखंड सागवानी फळ्यांची इनसेट दारं करायच्या विचारात असेल, तर दोन मिलिमीटरच्या फटीवर विसंबू नका. लाकूड तंतूच्या आडव्या दिशेनं फुगतं. उन्हाळ्यात ऐटीत बंद होणारं दार आषाढात लाथ मारून उघडावं लागतं. तिथे एकतर फट वाढवा किंवा सागाची चौकट करून मधे मोकळा पॅनल सोडा.

सिलिंडरचा खण वेगळा धरा. त्याला खालची चौकटपट्टी नको, नाहीतर भरलेला सिलिंडर दर वेळी उचलून आत घ्यावा लागेल आणि पहिल्याच महिन्यात पट्टी निघेल. बिजागरी आणि उघडं दार यांनी तोंड किती अडतं ते धरून, सिलिंडर सरळ आत जातो का ते खरा सिलिंडर आणून बघा. दाराला वर-खाली हवा जायला जाळी किंवा फटी ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खालची जाळी जास्त महत्त्वाची. हा खण ओव्हरले आहे की इनसेट, याला तिथे काही किंमत नाही.

भिंतीलगतच्या दाराकडे मात्र लक्ष द्या. ओव्हरले दार भिंतीला चिकटून लावलं की ते उघडताना त्याची कड आणि हँडल भिंतीला लागतं, दार नव्वदलाच अडतं आणि आतली ट्रॉली बाहेर येत नाही. म्हणून भिंत आणि पहिलं दार यांच्यामधे ३० ते ५० मिलिमीटरची फिलर पट्टी सोडतात. भिंत ओळंब्यात नसेल तर ती पट्टी तिरकी तासून बसवता येते आणि दार मात्र सरळ राहतं. एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना अशी पट्टी लागते, नाहीतर एका बाजूची ट्रॉली दुसऱ्या बाजूच्या हँडलला अडकते. गिऱ्हाइकांना वाटतं पट्टी म्हणजे वाया गेलेली जागा. ती वगळून घेतलेलं किचन मी दुरुस्त करायला गेलो आहे. दुरुस्ती म्हणजे शेवटी दार लहान कापून तीच पट्टी लावणं.

उघड्या बाजूला, म्हणजे फ्रीजशेजारी किंवा ओट्याच्या टोकाला, खोक्याच्या बाहेरून शोभेसाठी साइड पॅनल लावतात. १८ ची फळी आणि वर १८ चा पॅनल, असे ३६ मिलिमीटर झाले. साध्या बिजागरीचं दार एवढ्यावर चढत नाही. पॅनल दाराच्या जाडीएवढा पुढे काढायचा आणि दार फक्त आतल्या फळीवर चढवायचं, हीच रीत. ड्रॉइंगमध्ये पॅनलची खोली खोक्याएवढीच दाखवली असेल तर विचारा.

आता बहिणीचं पार्शल ओव्हरले. अमेरिकेत बरीच कॅबिनेट अजून पुढे लाकडी चौकट लावलेली असतात, तिची उभी पट्टी सहसा दीड इंची. दार त्या पट्टीवर अर्धा इंच चढलं तर ते तिथलं पार्शल किंवा स्टँडर्ड ओव्हरले. दोन कॅबिनेट शेजारी ठेवली की दोन पट्ट्या मिळून तीन इंच, त्यांतला एक इंच झाकला आणि मधे दोन इंच लाकूड दिसत राहिलं. दार सव्वा इंच चढवलं तर ते तिथलं फुल ओव्हरले, आणि तरीही मधे अर्धा इंच चौकट दिसतेच. आपल्याकडच्या बिनचौकटीच्या खोक्याचं फुल ओव्हरले आणि तिचं फुल ओव्हरले ही दोन वेगळी मापं. तिच्याकडे पार्शल स्वस्त पडतं, कारण दारं लहान आणि फट जुळवायची काटेकोर गरज नाही. तुमचा सुतार चौकटीवर दार चढवून लावेल तर ते बहिणीच्याच जातीचं काम होईल. नाक पुरेसं पुढे असेल तर तो पर्याय वाईट नाही: चौकटीवर पंधरा-एक मिलिमीटर चढलेलं दार वाकडी चौकट झाकून टाकतं, इनसेटएवढी कसरत लागत नाही. फक्त बिजागरी चौकटीवर बसणारी मागवा, किंवा प्लेटसाठी चौकटीच्या मागे तिच्या आतल्या कडेशी सपाट येईल असा ठोकळा मारून घ्या.

ऑर्डरवर ‘ओव्हरले: फुल’ हे दोन शब्द लिहून समाधान मानू नका. खण क्रमांकानुसार लिहून घ्या: खणाची मोकळी रुंदी आणि उंची, फिनिश शटरचं माप, दार कुठल्या बाजूला टांगलंय, बिजागरी झिरो, आठ की सोळा, आणि शटरच्या चारी बाजूंची फट. वरच्या फटीला मी ओट्याखाली पाच मिलिमीटर देतो, कारण ग्रॅनाइटची खालची बाजू घासलेली नसते. जी प्रोफाइल किंवा गोला प्रोफाइल हँडल घेणार असाल तर वर बोटं जायला जागा लागते आणि शटरची उंची तेवढी कमी होते, तीही त्याच कागदावर आली पाहिजे. प्लाय ओट्याखाली ७१० मार्कचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या, निदान सिंकच्या दोन्ही बाजूंना. काचेची अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची दारं वरच्या कपाटांना लावणार असाल, तर वीस मिलिमीटरच्या बारीक प्रोफाइलला ३५ चा कप बसत नाही, तिची बिजागरी वेगळी येते. ऑर्डर देतानाच सांगा.

आणि सगळी शटरं एकदम कापायला टाकू नका. सिंकखालच्या खणाचं एक शटर आधी करून घ्या, बिजागरीसकट लावा, ट्रॉली असेल तर ती बाहेर ओढून बघा, ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कुठून ओघळतं ते बघा. चार दिवस तसंच वापरा. त्यानंतर बाकीची मापं कायम करा. या एका शटरसाठी सुताराला जास्तीची फेरी पडेल, तिची मजुरी आधीच वेगळी ठरवा, म्हणजे तो टाळाटाळ करणार नाही.